तारीख दुपारी बदलते, अडकते, उडी मारते: मेकॅनिकल घड्याळ बिनधोक कसं लावायचं

"तारखेचं काहीतरी बिघडलंय" म्हणून माझ्याकडे येणारी बहुतेक मेकॅनिकल घड्याळं धडधाकट असतात, फक्त चुकीची लावलेली असतात. उरलेली खरोखर मोडलेली असतात, आणि तीही पडून-आपटून नव्हे, तारीख लावताना. दोन्ही प्रकारांचं मूळ एकच. घड्याळाच्या हिशेबाने आत्ता दिवस आहे की रात्र, हे न बघता कोणीतरी क्राउन (घड्याळाच्या कडेचं फिरवायचं बटण) ओढून तारीख फिरवलेली असते.

खालचं सगळं तारीख (किंवा तारीख आणि वार) दाखवणाऱ्या साध्या चावीच्या आणि ऑटोमॅटिक (हाताच्या हालचालीने आपोआप चावी भरणाऱ्या) घड्याळांना लागू आहे.

लक्षणं

- तारीख रात्री बाराऐवजी दुपारी बाराला बदलते.
- महिना संपला की तारीख चुकते.
- खिडकीत दोन तारखा अर्ध्या-अर्ध्या दिसतात.
- एका रात्रीत तारीख दोन घरं पुढे जाते.
- घड्याळ मध्यरात्रीच्या आसपास बंद पडतं, एरवी नीट चालतं.
- क्राउनने तारीख बदलते, पण रात्री आपोआप बदलत नाही.
- रात्री बदलते, पण क्राउनने लावायला गेलं की क्राउन नुसताच फिरतो.
- वेळ अचूक लावली तरी थोड्या वेळाने मिनिटकाटा मागे-पुढे दिसतो.

पहिली दोन लक्षणं म्हणजे बिघाड नव्हेच. तिसरं, चौथं आणि पाचवं बहुतेकदा घरच्या घरी सुटतं. सहावं आणि सातवं दिसलं तर घड्याळ दुरुस्तीला जाणार असं धरून चाला, तरी आधी खालच्या तपासण्या करा. कारण लोक सहावं लक्षण सांगतात आणि निघतं पहिलं.

आत काय चाललेलं असतं

हे कळलं की पुढचे नियम पाठ करावे लागत नाहीत.

तबकडीच्या मागे तारखांची एक गोल चकती असते, तिला आतल्या बाजूने ३१ दाते. तासकाटा ज्या चाकावर बसतो ते १२ तासांत एक फेरी मारतं. त्याच्याकडून चाल घेणारं तारखेचं चाक २४ तासांत एक फेरी मारतं आणि त्यावर एक छोटं बोट असतं. रात्री नऊच्या सुमाराला हे बोट चकतीच्या दात्याला भिडतं आणि रेटायला लागतं. बाराच्या आगेमागे चकती एक घर सरकते. तीनच्या सुमाराला बोट दात्यातून पूर्ण मोकळं होतं. मधल्या काळात चकती डुलू नये म्हणून स्प्रिंगवरचा एक खटका तिच्या दात्यांत बसलेला असतो.

आता क्राउन मधल्या घरात (पूर्ण आत आणि पूर्ण बाहेर यांच्या मधल्या जागी) ओढून तुम्ही तारीख फिरवता तेव्हा एक वेगळंच छोटं चाक थेट त्या चकतीला ढकलतं. त्या वेळी बोट दात्यात अडकलेलं असेल तर एकाच चकतीला दोघं दोन बाजूंनी धरतात, आणि जो भाग नाजूक तो जातो. कधी बोट वाकतं, कधी छोट्या चाकाचा दाता उडतो. काही मशीनमध्ये यातले भाग प्लास्टिकचे असतात, तिथे तर जोरही लागत नाही.

म्हणून "रात्री नऊ ते पहाटे तीन तारखेला हात लावू नका" असं सांगतात. सुरक्षिततेसाठी मी हा काळ आठ ते चार धरतो. सेकोच्या ७एस२६सारख्या प्रसिद्ध मशीनच्या माहितीपत्रकातही मनाईची वेळ पहाटे चारपर्यंत दिलेली असते.

पण हा नियम पाळूनही लोक घड्याळ मोडतात, आणि ते कसं हे नीट समजून घ्या. "मी तर सकाळी दहाला तारीख लावली, रात्री नाही" हे वाक्य मी असंख्य वेळा ऐकलंय. तुमच्या खोलीत सकाळचे दहा वाजले असतील, पण बंद पडलेलं घड्याळ अजून रात्रीतच असतं. समजा, पूर्ण चावी असलेलं घड्याळ शनिवारी सकाळी सातला काढून ठेवलं आणि ते ४० तास चालणारं आहे. ते रविवारी रात्री अकराला थांबणार, म्हणजे बोट दात्यात अर्धवट घुसलेलं असताना. सोमवारी सकाळी तुम्ही ते उचलता, काटे अकरावर दिसतात, तुम्ही आधी तारीख लावायला घेता. भिंतीवरच्या घड्याळात काय वाजलेत याला इथे काहीच अर्थ नाही. मनाईची वेळ मोजायची ती हातातल्या घड्याळाच्या पोटातल्या वेळेने.

पहिली तपासणी: काहीही न फिरवता नुसतं बघा

अर्ध्या-अर्ध्या तारखा दिसतायत? मग काटे कुठे आहेत ते बघा. दहा ते एकच्या मध्ये असतील तर शक्यता हीच की घड्याळ तारीख बदलतंय. बऱ्याच मशीनमध्ये चकती हळूहळू सरकते, काहींमध्येच ती एका झटक्यात उडी मारते. हळू सरकणारं मशीन हे खराब मशीन नव्हे. दोन-तीन तास जाऊ द्या आणि परत बघा.

वार दाखवणाऱ्या घड्याळात आणखी एक गंमत असते. वाराच्या चकतीवर अनेकदा दोन भाषा छापलेल्या असतात, म्हणजे सातऐवजी चौदा घरं. रात्री ती चकती आधी दुसऱ्या भाषेतल्या वारावर येते आणि काही वेळाने तुमच्या भाषेत. रात्री एक-दोन वाजता अनोळखी लिपीतला वार दिसला म्हणून क्राउन ओढू नका, पहाटेपर्यंत तो आपोआप जागेवर येतो.

तारीख दुपारचे साडेतीन वाजलेले असतानाही तिरकीच असेल, तर पुढे चला.

दुसरी तपासणी: चावी द्या

फुकट आणि बिनधोक, म्हणून दुसऱ्या क्रमांकावर. चकती सरकवणं हे मशीनसाठी दिवसातलं जड काम. स्प्रिंगमध्ये ताकद कमी असेल तर घड्याळ नेमकं याच कामाच्या वेळी दम टाकतं. रात्री बाराच्या आसपास थांबणाऱ्या घड्याळांचं हे पहिलं कारण, आणि दिवसभर टेबलापाशी बसणाऱ्यांची ऑटोमॅटिक घड्याळं हमखास यात सापडतात. हात पुरेसा हलला नाही तर ती भरत नाहीत.

घड्याळ हातातून काढा. मनगटावर असताना क्राउन फिरवला की स्टेमवर (क्राउनला जोडलेल्या आतल्या बारीक दांडीवर) तिरका जोर येतो आणि कालांतराने ती वाकते. क्राउन आट्यांचा असेल तर तो उलटा फिरवून सोडवा. ऑटोमॅटिक असेल तर २५-३० फेऱ्या द्या. नुसत्या चावीचं असेल तर घट्ट लागेपर्यंत द्या आणि घट्ट लागताच थांबा. ऑटोमॅटिकमध्ये ते घट्टपण जाणवत नाही, कारण भरलेली स्प्रिंग आतल्या आत घसरते, तशीच तिची रचना असते. ७एस२६सारख्या काही मशीनना हाताने चावी देताच येत नाही, ती आडवी धरून मिनिटभर हलक्या हाताने झुलवावी लागतात.

पूर्ण चावी देऊनही घड्याळ पुन्हा मध्यरात्रीच थांबलं तर आतलं तेल सुकलंय किंवा कॅलेंडरचा भाग जड झालाय असं समजा. ते सर्व्हिसिंगचं काम आहे. उगाच रोज चावी देऊन ढकलत राहू नका.

तिसरी तपासणी: घड्याळाची मध्यरात्र शोधा

सगळ्यात महत्त्वाची आणि सगळ्यात जास्त वेळा टाळली जाणारी.

क्राउन शेवटच्या घरात, म्हणजे वेळ लावायच्या जागी ओढा. मधल्या घरात नाही. आता काटे पुढच्या दिशेने फिरवा आणि खिडकीकडे बघत राहा. काटे बारावर येऊन गेले आणि तारीख हलली नाही, तर ती दुपार होती. अजून एक फेरी मारा. तारीख जिथे बदलली ती घड्याळाची मध्यरात्र. तिथून पुढचे बारा तास सकाळ, हे आता तुम्हाला नक्की माहीत झालं.

तारीख दुपारी बदलण्याचा सगळा इलाज एवढाच आहे. वेळ बारा तासांनी चुकलेली होती.

ही तपासणी करताना तारीख बदलायचा क्षण कितीला येतो तेही बघून ठेवा. बाराच्या दहा-पंधरा मिनिटं इकडेतिकडे असेल तर सोडून द्या. पाऊण तास, तासभर फरक असेल तर कधीतरी दुरुस्तीत तासकाटा थोडा चुकीच्या जागी बसवला गेलाय. मशीनला त्याने इजा नाही, पण काटा काढून पुन्हा बसवणं हे घरचं काम नव्हे.

आणि पुढेच फिरवा. मध्यरात्र ओलांडून काटे मागे नेणं टाळा. अनेक नव्या मशीनमध्ये बोट लवचिक असतं आणि ते सहन करतं. जुन्या घड्याळात ते सहन करेलच अशी खात्री देता येत नाही. शिवाय बऱ्याच घड्याळांत काटे मागे नेले तरी तारीख मागे येत नाही. मग ते काटे परत बारा ओलांडतात तेव्हा तारीख आणखी एक घर पुढे जाते. "रात्रीत दोन तारखा उडाल्या" या तक्रारीचं निम्म्या वेळा हेच उत्तर असतं. संध्याकाळी कोणीतरी काटे मागेपुढे केलेले असतात.

चौथी पायरी: तारीख लावा, पण कालची

मध्यरात्र सापडली की काटे तसेच पुढे नेऊन साडेसहावर आणा. साडेसहा का? सकाळचे असोत वा संध्याकाळचे, दोन्हीकडे बोट दात्यापासून लांब असतं. शिवाय दोन्ही काटे तबकडीच्या खालच्या अंगाला गेल्यामुळे तीनजवळची खिडकी मोकळी दिसते. ज्यांना तिसऱ्या तपासणीचा कंटाळा येतो त्यांनी निदान एवढं तरी करावं.

आता क्राउन मधल्या घरात आणा आणि तारीख कालची लावा. तारीख आणि वार दोन्ही असतील तर सहसा क्राउन एका दिशेला फिरवला की तारीख आणि दुसऱ्या दिशेला वार बदलतो. वारही कालचाच ठेवा. मग क्राउन शेवटच्या घरात ओढून काटे पुढे फिरवा. ज्या वेळी बारा ओलांडताना तारीख आजची होईल ती मध्यरात्र. आधी दुपारचे बारा आले तर तारीख हलणार नाही, तसेच पुढे चला. इथून आत्ताच्या वेळेपर्यंत या. दुपारनंतर लावत असाल तर बारा आणखी एकदा ओलांडावे लागतील, त्या वेळी तारीख हलता कामा नये.

थेट आजची तारीख का लावायची नाही? लावता येते, साडेसहाला काही मोडत नाही. पण कालचीवरून आजचीवर नेलं की सकाळ-संध्याकाळचा घोळ आपोआप मिटतो आणि बोट स्वतः तारीख ढकलतंय की नाही हेही डोळ्यांसमोर तपासलं जातं.

महिनाअखेरचा हिशेब सोपा आहे. साध्या घड्याळाला प्रत्येक महिना ३१ दिवसांचा वाटतो, म्हणून वर्षातून पाच वेळा हात लावावा लागतो. १ मे, १ जुलै, १ ऑक्टोबर आणि १ डिसेंबरला ते ३१ दाखवतं, एक घर पुढे न्या. १ मार्चला २९ दाखवतं, तीन घरं पुढे. लीप वर्षात त्याच दिवशी ३० दाखवतं, दोन घरं. हे रात्री बाराच्या ठोक्याला उत्साहाने करू नका. सकाळी आठला करा.

तुमच्या क्राउनला मधलं घरच नसेल तर क्विकसेटची, म्हणजे काटे न फिरवता थेट तारीख बदलायची, सोय नाही. रशियन वोस्तोकच्या २४१६ मशीनसारखी काही घड्याळं अशीच असतात. काटे बारा ओलांडून पुढे न्यायचे, मग मागे साधारण आठपर्यंत आणायचे, पुन्हा पुढे, प्रत्येक वेळी एक तारीख. वर मी जे टाळा म्हणालो तेच इथे चालतं, कारण ते मशीन त्यासाठीच बनवलेलं आहे. तुमचं घड्याळ त्यातलं आहे हे नक्की माहीत नसेल तर काटे पुढेच फिरवत बसा. कंटाळवाणं आहे, पण धोका शून्य.

मिनिटकाटा

दात्यांमध्ये थोडी सैल जागा असते, त्यामुळे काटे मागे आणून तिथेच सोडले तर मिनिटकाटा काही क्षण जागेवरच थांबतो आणि मग चालू लागतो. हव्या त्या वेळेच्या चार-पाच मिनिटं मागे थांबा आणि शेवटची हालचाल पुढच्या दिशेने करा. क्राउन ओढल्यावर सेकंदकाटा थांबत असेल तर काटा १२ वर आल्यावरच क्राउन ओढा. थांबत नसेल तर काही सेकंदांचा फरक मान्य करा. क्रोनोमीटर म्हणून प्रमाणित घड्याळालाही दिवसाला सरासरी उणे ४ ते अधिक ६ सेकंदांची मुभा असते. घड्याळ अचानक दिवसाला काही मिनिटं पुढे पळायला लागलं तर ते चुंबकीय झालंय का बघा. होकायंत्राजवळ नेलं की सुई हलते.

शेवटी क्राउन पूर्ण आत दाबा. आट्यांचा असेल तर आधी हलकेच उलटा फिरवून आटे जुळल्याचं बोटाला जाणवू द्या, मग दाबत सुलटा फिरवा. ओल्या हाताने यातलं काहीही करू नका. ओढलेल्या क्राउनच्या घड्याळावर 'वॉटर रेझिस्टंट' लिहिलेलं असलं तरी त्याचा काही उपयोग नाही.

रात्रभर थांबा, मग निदान करा

वरचं सगळं करून घड्याळ पूर्ण चावी देऊन दोन रात्री चालू द्या. आता जे उरेल तो खरा बिघाड.

क्राउनने तारीख बदलते पण मध्यरात्री बदलत नाही: बोट किंवा त्याचं चाक गेलंय. मध्यरात्री बदलते पण क्राउनने नाही: क्विकसेटचं छोटं चाक झिजलंय किंवा त्याचा दाता उडालाय. यासोबत घड्याळ बिनतक्रार चालत असेल आणि फिरवताना खरखर लागत नसेल, तर पुढच्या सर्व्हिसिंगपर्यंत मधलं घर विसरून जा आणि तारीख काट्यांनीच पुढे न्या. खरखर असेल तर थांबू नका, तुटलेला तुकडा आत फिरत असू शकतो.

दोन्हीकडून बदलत नाही पण घड्याळ चालतंय: चकती अडकलीय किंवा खटका हललाय. कोणी काटे मागे केलेले नसतानाही तारीख दोन घरं उडते किंवा दिवसाउजेडी तिरकी राहते: खटक्याची स्प्रिंग ढिली. सेकंदकाटा नियमित चालतोय पण मिनिटकाटा तास-दोन तासांत मागे पडतोय: मिनिटकाटा ज्या नळीवर बसतो तिची पकड सैल झालीय. यातलं काहीही क्राउन फिरवून बरं होत नाही.

इथे हात थांबवा

क्राउन फिरवताना अडथळा लागला, तर जोर लावू नका. तो अडथळाच तुम्हाला सांगतोय की बोट दात्यात आहे. क्राउन शेवटच्या घरात ओढून काटे पुढे फिरवत साडेसहावर न्या आणि एकदाच पुन्हा बघा. तरीही अडत असेल तर दुरुस्तीला द्या. क्राउन स्टेमसकट हातात आला तर पुन्हा आत खुपसू नका, दोन्ही वस्तू एका डबीत ठेवून न्या. काचेच्या आत वाफ दिसली तर त्याच दिवशी जा, गंज तारखेची वाट बघत नाही. आणि घड्याळात महिना, लीप वर्ष किंवा चंद्रकला असेल तर कडेची दाबायची बटणं माहितीपत्रक वाचल्याशिवाय दाबू नका. त्यांच्या मनाईच्या वेळा वेगळ्या आणि लांब असतात, दुरुस्ती साध्या घड्याळाच्या कितीतरी पट महाग.

मागचं झाकण उघडून बघायचा मोह होतो, तो कामाचा नाही. तारखेचे सगळे भाग तबकडीच्या बाजूला असतात. तिथे पोचायचं तर मशीन केसमधून बाहेर काढून आधी काटे आणि मग तबकडी उतरवावी लागते. मागून उघडून तुम्हाला सुंदर चक्रं दिसतील, बिघाड दिसणार नाही, धूळ मात्र आत जाईल.

दुरुस्ती करणाऱ्याकडे जाताना "तारीख चालत नाही" एवढंच सांगू नका. तारीख कितीला बदलते किंवा अडते, क्राउनच्या कोणत्या घरात अडथळा लागतो, पूर्ण चावीवर घड्याळ किती तास चालतं आणि शेवटचं सर्व्हिसिंग कधी झालं, हे कागदावर लिहून न्या. यातल्या पहिल्या दोन उत्तरांवरून त्याला तबकडी काढायची की नाही ते बहुतेकदा तिथेच कळतं.